दिसणारा रोग, न पाहणारा समाज

शरीराच्या आत वाढणारे कर्करोग बहुधा लपून वाढतात. यकृतातली गाठ सोनोग्राफीशिवाय कळत नाही, फुप्फुसातली एक्स-रेशिवाय दिसत नाही. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यात होणाऱ्या काळ्या गाठींचे तसे नाही. त्या पारदर्शक पडद्यामागे, भर उजेडात, घरातल्या सगळ्यांच्या समोर वाढतात. त्या पाहायला यंत्र लागत नाही, पदवी लागत नाही, खिशात हात घालावा लागत नाही. मांडीवर बसलेल्या मांजराच्या डोळ्यात मिनिटभर नीट पाहिले की पुरे. तरीही ही जनावरे दवाखान्यात आणली जातात तेव्हा कितीदा तरी डोळा निळसर पडलेला असतो, सुजून बाहेर आलेला असतो, त्यातली दृष्टी गेलेली असते आणि आत ठणका लागलेला असतो. जो डाग महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे रोज समोर होता, त्याविषयी मालक सांगतात, ‘कालपरवापर्यंत काहीच नव्हतं हो!’

अशी माणसे निष्काळजी म्हणून ओळखली जात नाहीत. आपल्याइतका प्राणिप्रेमी कोणी नाही, अशीच त्यांची खात्री असते. लॅब्रेडॉरच्या वाढदिवसाला केक कापला जातो, पर्शियन मांजराचे केस विंचरायला पार्लरची वेळ घेतली जाते, दिवाळीत त्याला जरीचे जाकीट शिवले जाते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितले जाते की हा आमचा मुलगाच आहे. हे आरोपपत्र त्यांच्यावर आहे. शेतकऱ्याला मी यातून वगळतो. बैल घेताना दात, खूर आणि डोळा पाहिल्याशिवाय तो सौदा करत नाही, कारण जनावराच्या तब्येतीवर त्याचे पोट चालते. शहरी मध्यमवर्गाने जनावर कामासाठी पाळणे सोडले आणि करमणुकीसाठी पाळायला घेतले. त्यात वाईट काही नाही. पण कामाबरोबर जनावर तपासायची सवयही सुटली आणि तिच्या जागी कौतुक आले. कौतुक करायला जनावराकडे नीट पाहावे लागत नाही. ते जवळ असले की भागते.

आरोप करण्याआधी रोग काय आहे ते सांगितले पाहिजे, नाहीतर हा लेखही नुसताच उपदेश ठरेल.

मांजराचे बुबुळ बहुधा पिवळे, हिरवे किंवा तांबूस असते. त्यावर एखादा तिळाएवढा तपकिरी ठिपका उमटतो. कधी तो एकटाच असतो, कधी चार-पाच असतात. ते पसरतात, एकमेकांत मिसळतात आणि स्वच्छ पिवळा डोळा हळूहळू गढूळ तपकिरी दिसू लागतो. सगळेच ठिपके कर्करोगाचे नसतात. वयाबरोबर येणारे सपाट डाग अनेक मांजरांत असतात आणि ते जन्मभर काही करत नाहीत. त्यांतल्या काहींचे मात्र रूप बदलते. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी बुबुळाच्या पृष्ठभागावरून खोल शिरतात. बुबुळ जाड होते, त्याचा गुळगुळीतपणा जातो, बाहुलीची कड वाकडी होते आणि उजेडात ती नीट आकसत नाही. सुटलेल्या पेशी डोळ्यातल्या पाण्यात तरंगतात आणि ते पाणी ज्या बारीक जाळीतून बाहेर झिरपते, ती जाळी बुजवतात. पाण्याला वाट राहत नाही, डोळ्यातला दाब वाढतो, काचबिंदू होतो. तोवर पेशी रक्तावाटे यकृत आणि फुप्फुसांकडे निघालेल्याही असू शकतात. मांजराच्या डोळ्याच्या आत उद्भवणाऱ्या गाठींमध्ये हीच सर्वांत जास्त आढळते. तिचा कावा असा की डोळा काढल्यानंतर काही वर्षांनीही यकृतात तिची पिल्ले सापडू शकतात. आणि एकदा ती पसरली की खात्रीचा उपचार हाती राहत नाही.

कुत्र्याचे प्रकरण बरेच निराळे आहे. त्याच्या बुबुळात आणि बुबुळामागच्या भागात होणाऱ्या काळ्या गाठी बहुतांश सौम्य असतात. अंगभर पसरणाऱ्या अगदी थोड्या. पण डोळा ही चहूबाजूंनी बंद जागा आहे. तिथे सौम्य गाठसुद्धा वाढली की रक्त साचते, सूज येते, दाब चढतो आणि शेवटी डोळा आंधळा व दुखरा होतो. दुसरी एक गाठ डोळ्याच्या पांढऱ्या भागाच्या आणि समोरच्या पारदर्शक पडद्याच्या सीमेवर, बहुधा वरच्या अंगाला, काळ्या उंचवट्यासारखी येते. जर्मन शेफर्ड, लॅब्रेडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर या आपल्याकडे घरोघर दिसणाऱ्या जातींत ती जास्त होते. तरुण कुत्र्यात ती भराभर वाढते, म्हाताऱ्यात संथपणे. ती जवळजवळ नेहमी सौम्य असते आणि वेळेवर कापून, उरलेल्या जागेला गोठवून किंवा लेझरने जाळून काढली, तर डोळाही वाचतो आणि दृष्टीही. याउलट पापणीच्या आतल्या गुलाबी अस्तरावर येणारी काळी गाठ बहुधा घातक असते. आणि कधी कधी बाहुलीपाशी काळे गोल फुगे दिसतात. त्यांवर प्रखर उजेड टाकला की तो आरपार जातो. ते पाण्याचे फुगे असतात आणि सहसा कोणाचे काही बिघडवत नाहीत.

म्हणजे ‘डोळ्यात काळं दिसतंय’ या एका तक्रारीमागे निरुपद्रवी डागही असू शकतो, डोळा वाचवता येईल अशी गाठही असू शकते आणि जीव घेणारा कर्करोगही. यांतले काय आहे हे प्रेमाने कळत नाही. त्यासाठी डोळ्याचा दाब मोजावा लागतो, सूक्ष्म प्रकाशरेषेखाली बुबुळ पाहावे लागते, आतले दिसेनासे झाले असेल तर डोळ्याची सोनोग्राफी करावी लागते. बुबुळाचा तुकडा काढून तपासणे सोपे नसते. रक्तस्राव होतो आणि छोट्याशा तुकड्यात नेमकी वाईट जागा येईलच असे नाही. म्हणून या रोगात सगळी भिस्त वेळोवेळी पाहण्यावर असते. आणि नेमके तेच आपण करत नाही.

पहिला आरोप आळसाचा. मांजराच्या बुबुळावरचा डाग सपाट आणि स्थिर आहे तोवर शहाणा डॉक्टर डोळा काढा म्हणत नाही. दर तीन ते सहा महिन्यांनी दाखवा, तशाच उजेडात तसाच फोटो काढा, आधीच्या फोटोशी ताडून पाहा, एवढेच तो सांगतो. यात कठीण काय आहे? फोटोंचा तर आपल्याकडे महापूर आहे. मांजर असलेल्या घरातल्या फोनमध्ये त्याचे शेकडो फोटो असतात: झोपलेले, जांभई देणारे, खोक्यात शिरलेले. ते तारखेप्रमाणे लावले तर डाग कधी उमटला, कधी दुप्पट झाला, बाहुली कधी वाकडी झाली, याचा सगळा पुरावा त्यांत सापडेल. हा पुरावा आपणच गोळा केला, इन्स्टाग्रामवर टाकला, त्याखाली ‘किती गोड!’ असे शेरे घेतले आणि एकाही शेरेबाजाने त्या डोळ्यात काय चालले आहे हे पाहिले नाही. ज्यांनी पाहिले त्यांतल्या काहींनी तर डोळ्यातला तीळ भाग्याचा असतो म्हणून आनंद मानला. बाळाच्या गालावर तीट लावून दृष्ट टाळणाऱ्या समाजाला काळा ठिपका शुभ वाटला तर नवल नाही. पण विसाव्या शतकात शिकलेल्या आणि एकविसाव्या शतकात पगार घेणाऱ्या माणसांनी तेच मानावे, याची लाज वाटली पाहिजे.

दुसरा आरोप परस्पर उपचारांचा. डोळा लाल झाला की घराघरातला वैद्य जागा होतो. गुलाबपाणी, मध, एरंडेल, आजीच्या ऑपरेशनानंतर उरलेले थेंब, काहीही जनावराच्या डोळ्यात जाते. मग कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला ‘कुत्र्याचा डोळा लाल झालाय’ एवढे सांगून स्टेरॉइडचे थेंब आणले जातात. त्यांनी लाली उतरते, सूज कमी होते आणि घर निर्धास्त होते. गाठ मात्र वाढतच असते. समोरच्या पडद्यावर जखम असेल तर तेच थेंब ती चिघळवतात. पुढे डोळा निळसर-पांढरा दिसू लागला की ‘मोतीबिंदू झालाय, वय झालं’ असा निकाल घरीच लागतो. काचबिंदू आणि मोतीबिंदू यांतला फरक माणसाच्या बाबतीत आपण डॉक्टरला विचारतो. जनावराच्या बाबतीत शेजाऱ्याचे मत पुरते.

या अवस्थेत जनावर काय भोगते, याचा विचार करा. डोळ्यातला दाब एकदम चढला तर माणसाला डोके फुटेलसे वाटते, उलट्या होतात. तो ओरडून घर डोक्यावर घेतो आणि रात्री-अपरात्री दवाखाना उघडायला लावतो. मांजर ओरडत नाही. ते जास्त झोपते, कपाटावर उडी मारणे सोडते, थोडे कमी खाते, डोक्याला हात लावला की फिस्कारते. घरचे म्हणतात, ‘म्हातारं झालंय, चिडचिडं झालंय.’ वेदना लपवणे हा त्याचा स्वभाव आहे. पण तिच्या खुणा ओळखण्याची जबाबदारी, त्याला ‘मुलगा’ म्हणणाऱ्यांनी आपणहून घेतली होती.

तिसरा आरोप सर्वांत गंभीर आहे आणि तो आपल्या सौंदर्यदृष्टीवर आहे. डॉक्टर तपासून सांगतात: बुबुळ जाड झाले आहे, दाब वाढला आहे, डोळा काढावा लागेल. ही पशुवैद्यकातली नेहमीची शस्त्रक्रिया आहे. आधी रक्त तपासतात, छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी करून रोग पसरला आहे का ते पाहतात. पूर्ण भूल देऊन डोळा काढतात, पापण्या शिवून टाकतात, वेदनाशामक देतात. दहा ते चौदा दिवसांनी टाके निघतात. तोवर पंजाने ओरबाडू नये म्हणून गळ्यात कॉलर. केस वाढले की तिथे एक मिटलेली रेघ राहते. एका डोळ्याचे मांजर चालते, उडी मारते, पाल पकडते. ठणका थांबल्यामुळे कित्येकदा ते पुन्हा खेळू लागते, आणि तेव्हा घरच्यांना उमगते की ज्याला आपण म्हातारपण म्हणत होतो ते दुखणे होते.

वेळेचे महत्त्व किती, हेही माहीत आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, या कर्करोगासाठी डोळा काढलेल्या मांजरांच्या आयुष्याची तुलना निरोगी मांजरांशी केली होती. गाठ बुबुळापुरती असताना ज्यांचा डोळा काढला, ती मांजरे रोग नसलेल्या मांजरांइतकीच जगली. गाठ मागच्या भागात पसरल्यावर आणि काचबिंदू झाल्यावर ज्यांचा डोळा काढला, त्यांचे आयुष्य स्पष्टपणे कमी भरले. शस्त्रक्रिया तीच होती. फरक पडला तो ती कधी झाली याचा.

आणि या वेळी आपला प्राणिप्रेमी काय म्हणतो? ‘डोळा काढला तर किती वाईट दिसेल हो!’ कोणाला वाईट दिसेल? मांजर आरशापुढे उभे राहून भांग पाडत नाही. कुत्र्याला लग्नाला जायचे नसते. समोरच्याचा डोळा शिवलेला आहे म्हणून दुसरे कुत्रे त्याच्याशी खेळायचे थांबत नाही. वाईट दिसणार असते ते मालकाला, त्याच्या पाहुण्यांना आणि त्याच्या फोटोंना. म्हणजे एका मुक्या जीवाच्या डोळ्यात ठणका चालू ठेवायचा, कर्करोगाला यकृताची वाट मोकळी ठेवायची, कशासाठी, तर दिवाणखान्यातली शोभा बिघडू नये म्हणून. याला प्रेम म्हणायचे असेल तर क्रौर्य कशाला म्हणायचे, हे तरी कोणी सांगावे.

ही वृत्ती जनावरांपासून सुरू झालेली नाही. एका डोळ्याचा माणूस सकाळी समोर आला तर अपशकुन मानणारे आपण. मुलीच्या डोळ्यातला दोष लग्न ठरेपर्यंत लपवणारे, आणि तो उघड झाला की लग्न मोडणारे आपण. शाळेत अशा मुलाला त्याच्या व्यंगाच्याच नावाने हाक मारणारे आणि मास्तर म्हणून ते ऐकून न ऐकल्यासारखे करणारे आपण. झारीत बसलेल्या शुक्राचार्यांचा डोळा फुटला, ही गोष्ट आपण मुलांना शिक्षेची म्हणून हसत सांगतो. शरीरातले उणेपण म्हणजे पापाचे फळ, ही समजूत अशा हसण्यातूनच पुढच्या पिढीत जाते. ज्या समाजाला व्यंगाची लाज वाटते, त्याला वेदनेची दया येत नाही. माणसाबाबत जे शिकलो तेच आपण मांजराला लावले, एवढेच.

चौथा आरोप धर्माचे पांघरूण घेणाऱ्यांवर. ‘देवानं दिलेला अवयव काढणारे आपण कोण?’ ‘मागच्या जन्मीचे भोग आहेत, भोगून संपू देत.’ असे म्हणणारे गृहस्थ स्वतःचा मोतीबिंदू काढून घेताना देवाची परवानगी घेत नाहीत. डॉबरमनची शेपूट छाटताना, त्याचे कान कापून ताठ उभे करताना देवाने दिलेला अवयव त्यांना आठवत नाही. तिथे निरोगी अवयव रुबाबासाठी कापायचा आणि इथे सडणारा अवयव वेदना थांबवण्यासाठीही कापायचा नाही! दोन्हीकडे जनावराचे हित कुठेच नाही. दोन्हीकडे मालकाची हौस आहे आणि गरजेप्रमाणे तिला धर्माचा टिळा लावलेला आहे. शेवटी डोळा फुटायला आला, घरात वास येऊ लागला की याच अहिंसकांतले काही जण जनावर पांजरपोळाच्या दारात बांधून येतात किंवा रात्री गाडीतून लांब सोडतात. नव्या पिल्लाची चौकशी तोवर सुरू झालेली असते.

पाचवा आरोप वैद्यांवर, कारण त्यांना वगळले तर हा न्याय होणार नाही. मन लावून काम करणारे पशुवैद्य महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. पण डोळ्याचा दाब मोजायचे यंत्र नसताना लाल डोळ्यावर थेंब लिहून देणारे दवाखानेही आहेत. आपल्याला कळत नाही तिथे जाणकाराकडे पाठवण्यात कमीपणा मानणारे आहेत. कुत्र्याच्या डोळ्याच्या सीमेवरची सौम्य गाठ पाहून वाचू शकणारा डोळा मुळापासून काढणे हाही अन्याय आहे. आणि मांजराचे बुबुळ महिन्यामहिन्याला जाड होत असताना ‘बघू या पुढच्या खेपेला’ म्हणत राहणे हाही. एकीकडे घाई, दुसरीकडे दिरंगाई, आणि दोन्हींचे मूळ एकच, ते म्हणजे दोन वेगळ्या जनावरांतला एकसारखा दिसणारा रोग वेगळा असतो हे न शिकणे.

त्याहून मोठी चूक शस्त्रक्रियेनंतर होते. काढलेला डोळा पिवळ्या पिशवीत टाकला जातो आणि कचऱ्याबरोबर जाळला जातो. तो अख्खा फॉर्मालिनमध्ये ठेवून पॅथॉलॉजिस्टकडे पाठवला पाहिजे. पेशी बुबुळापुरत्याच आहेत की मागे गेल्या, पाणी बाहेर जाणाऱ्या जाळीत आणि तिच्या शिरांत शिरल्या का, डोळ्याचे पांढरे कवच भेदून बाहेर पडल्या का, हे तिथेच कळते. कुत्र्याच्या गाठीत किती पेशी विभागताना दिसतात ते मोजून ती सौम्य की घातक हे ठरवायची रीत १९८६ पासून ग्रंथित आहे: सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगाखालच्या १० क्षेत्रांत ४ किंवा अधिक विभागणाऱ्या पेशी दिसल्या तर सावध व्हायचे. यावरून पुढे दर काही महिन्यांनी छाती-पोट तपासायचे की निश्चिंत राहायचे, हे ठरते. डॉक्टरांनी हे सुचवले की मालक म्हणतात, ‘डोळा तर गेलाच, आता तपासून काय मिळणार?’ पिल्लू घेताना वंशावळीच्या कागदासाठी वेगळे पैसे मोजणारा हाच माणूस असतो.

सहावा आरोप घरातल्या सत्तेवर. मांजराला दूध घालणारी, त्याची विष्ठा काढणारी, त्याच्या वागण्यातला फरक आधी ओळखणारी बहुधा घरातली बाई असते. ‘याच्या डोळ्यात काहीतरी वेगळं दिसतंय,’ असे ती म्हणते तेव्हा तिला वेड्यात काढले जाते. दवाखान्याच्या खर्चाचा निर्णय ज्याच्या हाती असतो, त्याने त्या जनावराला कधी उचलूनही घेतलेले नसते. ‘मांजरासाठी एवढे पैसे?’ या एका वाक्यावर तीन महिने निघून जातात, आणि या रोगात तीन महिन्यांत पुष्कळ काही बदलू शकते. बाईच्या निरीक्षणाला किंमत न देण्याची आपली जुनी खोड इथे एका जीवावर बेतते.

सातवा आरोप सरकारावर आणि त्याला जाब न विचारणाऱ्या नागरिकांवर. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयाच्या आवारात पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते १८८६ साली. आज परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथे महाविद्यालये आहेत आणि नागपूरला पशुविज्ञान विद्यापीठ आहे. मुंबईत २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांसाठीचे मोठे रुग्णालयही उभे राहिले. पण तालुक्याच्या सरकारी दवाखान्याचा सगळा वेळ गाई-म्हशींच्या लसीत आणि रेतनात जातो. तिथे कुत्र्या-मांजराच्या डोळ्याचा दाब मोजला जाईल, अशी अपेक्षासुद्धा कोणी ठेवत नाही. कायद्याचे तर विचारूच नका. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याचे तिसरे कलम जनावर सांभाळणाऱ्यावर त्याच्या सुस्थितीची जबाबदारी टाकते आणि अकरावे कलम पहिल्या गुन्ह्याला दंड सांगते तो दहा ते पन्नास रुपये! सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये वेदना, इजा आणि रोग यांपासून मुक्तता हा प्राण्याचा हक्क मानला. पण तो हक्क डावलण्याची किंमत मात्र दोन कप चहाच्या आसपासच राहिली.

आता नेहमीचा आक्षेप. ‘इथे माणसांना उपचार मिळत नाहीत आणि तुम्ही मांजराच्या डोळ्याचं काय घेऊन बसलात?’ हा आक्षेप उपाशी माणसाने घेतला तर मी मान खाली घालून ऐकेन. पण तो घेणारे कोण असतात? ज्यांनी चढाओढीने महागडे पिल्लू विकत घेतले तेच. जनावर पाळा असा हुकूम त्यांना कोणी दिला नव्हता. त्याला रानातून, आईपासून, त्याच्या जातभाईंपासून तोडून आपण चार भिंतींत आणले. आता त्याच्या दुखण्याला दाद मागायला त्याला दुसरे दार नाही. माणसाला दवाखाना मिळावा म्हणून भांडायचे आणि दाराशी बांधलेल्या जीवाचे दुखणेही पाहायचे, यांत विरोध कुठे आहे? एका दुखण्याकडे डोळेझाक करायची सवय लागलेला माणूस दुसऱ्या दुखण्यापाशी अचानक जागा होत नाही. आणि ज्यांच्याकडे खरेच पैसे नाहीत, जे स्वतः अर्धपोटी राहून गल्लीतल्या चार कुत्र्यांना भाकर घालतात, त्यांच्यासाठी सार्वजनिक दवाखाना हवा, ही मागणी तर याच लेखाची आहे.

मग करायचे काय? दर महिन्याला एक दिवस ठरवून, खिडकीपाशी, सारख्या उजेडात जनावराच्या दोन्ही डोळ्यांचा जवळून फोटो काढा आणि आधीच्याशी ताडून पाहा. नवा डाग, वाढणारा डाग, वाकडी बाहुली, दोन बाहुल्यांच्या आकारांतला फरक, मोठा झालेला डोळा, यांतले काहीही दिसले तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. लाल, निळा किंवा दुखरा डोळा असेल तर त्याच दिवशी. डोळ्यात घरातले काहीही घालू नका. दवाखान्यात दाब मोजायला सांगा. तिथे यंत्र नसेल तर जिथे आहे तिथे पाठवा म्हणा. कुत्र्याचा डोळा काढायला सांगितला तर तो वाचवता येईल का, हे नेत्रतज्ज्ञ पशुवैद्याला विचारा. मांजराच्या लहान, एकाकी डागावर काही ठिकाणी लेझर वापरतात. पण लेझरने जळलेला डाग तपासणीला मिळत नाही, हे समजून निर्णय घ्या. डोळा काढायची वेळ आलीच तर फोटोतल्या रूपासाठी दिवस घालवू नका, आणि काढलेला डोळा लॅबला पाठवल्याशिवाय घरी येऊ नका. प्रत्येक जिल्ह्याच्या सरकारी पशुचिकित्सालयात डोळ्याचा दाब मोजायचे एक यंत्र असावे, महाविद्यालयांनी असे डोळे कमी दरात तपासून त्यांची नोंद ठेवावी आणि १९६० च्या कायद्यातला पन्नास रुपयांचा दंड जावा, यासाठी आपल्या आमदार-खासदारांना लिहा. कुत्र्यांच्या बंदोबस्तासाठी तक्रार करताना या लोकप्रतिनिधींचा पत्ता आपल्याला बरोबर सापडतो.

राज्यघटनेत १९७६ च्या दुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये आली. अनुच्छेद ५१क मध्ये सजीवांविषयी दया बाळगणे हे एक कर्तव्य आहे आणि त्याच्या लगेच पुढचे कर्तव्य विज्ञाननिष्ठ दृष्टी व सुधारणेची वृत्ती वाढवण्याचे आहे. आपण या शेजाऱ्यांची फारकत करून टाकली. दया घरी आणली आणि विज्ञानाला उंबऱ्याबाहेर ठेवले. तपासणी नको असलेली, पुरावा नको असलेली, कापायची वेळ आली की आरसा शोधणारी ही दया जनावराच्या काहीही कामाची नाही; ती मालकाला स्वतःविषयी बरे वाटायला मदत करते, इतकाच तिचा उपयोग. अशी दया करणाऱ्यांनी मातीचे मांजर आणून कपाटावर ठेवावे. जिवंत मांजर पाळायचे असेल तर त्याच्या डोळ्यात पाहायची, दिसले ते मान्य करायची आणि डॉक्टर सांगतील त्या वेळी निर्णय घ्यायची तयारी आधी करावी. ती नसेल तर जनावर पाळण्याचा नैतिक अधिकार आपल्याला नाही.